नमुन्यादाखल चार काचा

दुकानाच्या दर्शनी काचेमागे जे मांडलेलं असतं, म्हणजे कपडे घातलेले पुतळे, उगाच उघडून ठेवलेली छत्री, कुणीही कधी बसणार नाही अशी खुर्ची, ते कोणीतरी मांडतं हे लोकांच्या गावीही नसतं. लोकांना वाटतं, ते तिथे उगवतं. मी तेवीस वर्षं ते मांडत होते. तीन मजली दुकान, रस्त्याकडे सहा काचा, सहाही माझ्या. आमच्यात शोकेस वगैरे कोणी म्हणत नाही, नुसतं काच म्हणतात. 'दोन नंबरची काच उतरव', 'पाचची आज चढव'. पायात नुसते मोजे घालून आत शिरायचं, कारण बुटांनी ओरखडे उठतात. तोंडात टाचण्या धरायच्या, त्यामुळे दिवसभर बोलता येत नाही आणि ते सगळं घरी येऊन बोलावं लागतं. आणि दर दहा मिनिटांनी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जायचं आणि एक डोळा मिटून बघायचं.

मग मालकाच्या मुलांनी दुकान विकलं. त्या जागी आता गाड्या ठेवायचे मजले झालेत. शेवटच्या दिवशी मी सहाही काचा उतरवल्या, पुतळ्यांचे कपडे काढून त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि घरी आले.

माझं वय तेव्हा एकोणपन्नास होतं आणि डोकं हवेत होतं. मला वाटत होतं, मी मोकळी झाले ही बातमी पसरली की दुकानदार दारात रांग लावतील. आठवडाभर मी घरात चांगले कपडे घालून बसत होते. दारात आला तो फक्त विजेचा मीटर बघणारा, आणि त्यानेही माझ्याकडे बघितलं नाही, मीटरकडे बघितलं.

लेक कॉलेजात शिकते. तिने माझी माहिती कागदावर उतरवायला घेतली.

"आई, तेवीस वर्षं एकाच ठिकाणी म्हणजे एका ओळीत संपतंय गं."

"मग?"

"मग काय, उरलेलं पान भरायला हवं."

तिने लिहिलं की मी दबावाखाली काम करू शकते. ते खोटं नव्हतं. एकदा माझ्या अंगावर अख्खा पुतळा पडला होता आणि मी त्याखालूनच मोजमापं सांगत होते.

पहिला अर्ज केला तो एका कपड्यांच्या दुकानात. मोठा रस्ता, मोठी काच. मॅनेजर तिशीचा, टाय इतका बारीक की कोणी फूटपट्टीने आखून दिल्यासारखा. त्याने माझा कागद उलटा धरला, मग सुलटा केला.

"अनुभव चांगला आहे तुमचा, मॅडम. पण आम्ही आधी काम बघतो. नमुन्यादाखल एक काच करून दाखवा ना. सगळ्यांनाच सांगतो आम्ही."

"आज?"

"उद्या सकाळी. दुकान उघडायच्या आत."

त्या 'उद्या सकाळी'चे दोन दिवस झाले. दुकानात मांडायला काही सामानच नव्हतं, म्हणून मी घरून नेलं. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या, लेकीचा अभ्यासाचा दिवा, नवऱ्याचं जुनं घड्याळ. टॅक्सीत खुर्च्या मावेनात, म्हणून मी एक खुर्ची मांडीवर घेऊन गेले. घर सोडून निघालेल्या, निरोप न घेताच उठून गेलेल्या माणसांची ती मांडणी होती. खुर्च्यांवर कोट टाकलेले, एक खुर्ची कलंडलेली, एकच पुतळी दाराकडे वळून बघतेय. मला वाटलं, हे बघून लोक रस्त्यात रडतील.

मॅनेजरने मोबाइलवर फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. "छान, छान. कळवतो."

मी घरी आले आणि आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो, कारण खुर्च्या दुकानात होत्या.

त्या दिवसापासून फोन माझ्याबरोबर राहायला लागला. आंघोळीला जाताना मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून साबणाशेजारी ठेवत असे. एकदा वाजला. मी साबणाच्या हातांनी पिशवीसकट कानाला लावला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "बोला सर." पलीकडे माझी नणंद होती. ती अजून मला सर म्हणून हाक मारते.

नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. शांत माणूस आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांशी काम असल्यामुळे असेल. दुसऱ्या आठवड्यात तो एवढंच म्हणाला, "मी काही कधी कुणाला नमुन्यादाखल कवळी करून दिली नाही. दिली असती, तर लोक ती घालून जेवले असते आणि म्हणाले असते, कळवतो."

"कवळीचं वेगळं. माझं काम कलेचं आहे."

"बरं," तो म्हणाला आणि जमिनीवरून उठताना गुडघा धरला.

कोणी कळवत नाही म्हटल्यावर मी स्वतःच जायला लागले. दुकानात नाही, तेवढी हिंमत नव्हती. समोरच्या फुटपाथवर बसचा थांबा आहे, तिथे मी बसची वाट बघतेय असं दाखवत उभी राहायचे. बसगाड्या येत होत्या, जात होत्या. एका ड्रायव्हरने तर ओळख दाखवायला सुरुवात केली. मला फक्त ऐकायचं होतं, लोक काय म्हणतात ते. मिळालेला पहिला अभिप्राय एका पाच-सहा वर्षांच्या मुलीचा होता. "आई, ह्यांच्याकडे भांडण झालं का?" दुसरा एका गृहस्थांचा. ते काचेसमोर बराच वेळ उभे होते, मी श्वास रोखून धरला होता, आणि मग त्यांनी काचेत बघून केस सारखे केले.

तिसऱ्या आठवड्यात एका कोटाची बाही घसरली. मला झोप लागेना. कुणाच्या लक्षात येईल, ह्या भीतीने नाही, कुणाच्याच लक्षात येत नव्हती म्हणून. शेवटी एका सकाळी मी पिशवीत मोजे आणि टाचण्या घेऊन सरळ दुकानात शिरले. काउंटरवरच्या मुलीने मला बघून मान हलवली. तिला वाटलं, मी तिथेच कामाला आहे. मी बाही बसवली, धूळ पुसली, दिव्याचा बल्ब बदलला आणि निघाले. पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. मग दर सोमवारी. अर्ज करता करता मला नोकरी लागली होती. फक्त ती दुकानदाराला माहीत नव्हती.

दरम्यान बाकीचे अर्जही चालूच होते. चपला-बुटांच्या दुकानाने सांगितलं, "कोणी कधी पाहिलं नाही असं काहीतरी करा." मी तंगूस, म्हणजे मासे धरायची पारदर्शक दोरी, आणून चाळीस बूट हवेत जिना चढत असल्यासारखे टांगले. मानेत उसण भरली. दिव्यांच्या दुकानाने एक काच तर करून घेतलीच, शिवाय तोंडी परीक्षाही घेतली, ज्यात मला विचारलं की पाच वर्षांनी मी स्वतःला कुठे बघते. मी म्हणाले, समोरच्या फुटपाथवरून. कोणी हसलं नाही. प्रवासी बॅगांच्या दुकानाने काच झाल्यावर वर्षभराचं नियोजन मागितलं, चित्रांसकट. मी अकरा पानं काढून दिली, रंगवून. घरात आता खुर्च्या नव्हत्या, दिवा नव्हता, आमची एकुलती एक चांगली सूटकेसही नव्हती.

उत्तर फक्त एकाकडून आलं, दिव्यांच्या दुकानाकडून, संगणकाने आपोआप धाडलेलं. 'प्रिय उमेदवार, आपल्या अर्जाला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.' मला नव्हे, अर्जाला. मी ते लेकीला वाचून दाखवलं.

"नाही म्हणालेत का?" तिने विचारलं.

"नाही म्हणालेत की नाही, तेही कळत नाहीये," मी म्हणाले.

मग एका सोमवारी मी मोजे घेऊन कपड्यांच्या दुकानाशी पोचले, तर काच बदललेली. माझ्या खुर्च्या गायब. त्या जागी छत्र्याच छत्र्या, लाल, उलट्या टांगलेल्या, आणि त्यांखाली पुतळ्या मान वर करून उभ्या. त्याहून वाईट म्हणजे, काच चांगली होती.

बसथांब्यावर एक बाई उभी होती. पस्तिशीच्या आतली, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. ती मान तिरकी करून, एक डोळा मिटून काचेकडे बघत होती. हे असं फक्त आमच्यातली माणसं करतात, नाहीतर डोळ्यात कचरा गेलेली.

"ही तुमची का?" मी विचारलं.

ती दचकली. "हो. म्हणजे, अजून नाही. नमुन्यादाखल केलीय. परवा झाली. कळवतो म्हणालेत."

ती पुढे म्हणाली, "आधीची कुणा बाईची होती. तीनेक महिने होती म्हणे. काय टाचण्या मारल्या होत्या हो! एकेका कोटाला तीस-तीस. सोडवता सोडवता बोटांची चाळण झाली माझी."

"बाही घसरू नये म्हणून," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे कान लाल झाले. "त्या तुम्ही? अहो, खुर्च्या मागच्या खोलीत ठेवल्यात नीट. मीच पुसून ठेवल्या."

आम्ही कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसलो. टेपवालीचं बोलणं भराभर होतं आणि दर वाक्याला ती टेप गुंडाळायची, पुन्हा सोडायची. बोलता बोलता उलगडत गेलं. बॅगांच्या दुकानात माझ्या आधी तीच होती. तिच्याकडूनही नियोजन घेतलं होतं, नऊ पानी. बुटांच्या दुकानात माझे चाळीस बूट उतरवून कोणी एकाने समुद्रकिनारा केला होता. तो तिच्या ओळखीचा, दोन लेकरांचा बाप. तोही फोनची वाट बघत होता. कपड्यांच्या दुकानात छत्र्यांच्याही आधी, खुर्च्यांच्याही आधी, किमान तिघं येऊन गेले होते.

"म्हणजे जागाच नाहीये," मी म्हणाले.

"जागा असती, तर दर दोन-तीन महिन्यांनी नवीन काच फुकट कशी मिळाली असती?"

ही गोष्ट माझ्या लेकीला पहिल्या आठवड्यात कळली होती आणि नवऱ्याला त्याच दिवशी. मला कळायला चार दुकानं आणि सगळं फर्निचर लागलं.

टेपवाली म्हणाली, सोडून द्या. मला सोडता येईना. जागा नाही तर नाही, पण माझी काच कशी होती, हे तरी कोणी सांगावं ना? चांगली, वाईट, काहीतरी. मी तडक दुकानात गेले. बारीक टायवाला मॅनेजर काउंटरमागे काहीतरी मोजत होता.

"सर, मला नोकरीचं विचारायचं नाहीये. मी केलेली काच तुम्हाला कशी वाटली, तेवढंच सांगा."

तो गडबडला. मग चेहरा एकदम उजळला. "अहो, उत्तमच की! रंग काय, कल्पना काय! आमच्या वरच्या साहेबांनीसुद्धा फोटो मागवून घेतला. त्या छत्र्या म्हणजे..."

छत्र्या. मी म्हणायला हवं होतं की त्या माझ्या नव्हेत. पण चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी समोरासमोर कौतुक करत होतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. पूर्ण ऐकून घेतलं. वर म्हणाले, "लाल रंगाबद्दल मलाच जरा शंका होती." आणि अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी बाहेर आले. दारात आठवलं, खुर्च्या अजून मागच्या खोलीतच आहेत. परत फिरले आणि त्या मागितल्या.

खुर्च्या टॅक्सीत चढवायला तो स्वतः आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? जागेची मंजुरी वरून यायचीय. मी लागलो तेव्हाही यायचीच होती. मलासुद्धा चौदा महिने झाले, अजून तात्पुरताच आहे. कसं काम करतो, कोणी सांगत नाही." त्याचा टाय मला त्या दिवशी जरा कमी बारीक वाटला. मी त्याला सांगितलं की फोटो तो चांगले काढतो. त्याला एवढा आनंद झाला की मलाच कसंतरी झालं.

त्यानंतर मी अर्ज करणं बंद केलं. नवऱ्याच्या कामाच्या जागी हिशेब बघायला जावं असं ठरत होतं. तेवढ्यात एका गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानाच्या दारावर हाताने लिहिलेला कागद दिसला. 'काच मांडायला माणूस हवं. आत विचारा.' आत पासष्टीच्या एक बाई, पांढरा कोट, गळ्यात साखळीला चष्मा. मालकीण त्याच, डोळे तपासणाऱ्याही त्याच.

"आधी एकदा करून दाखवाल?" त्यांनी विचारलं.

मी हे ऐकून उठलेच होते. मग काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "दाखवते. एका अटीवर. झाल्यावर तुम्ही माझ्यासमोर उभं राहून, काय चुकलं ते तोंडावर सांगायचं. आजच. कळवते म्हणायचं नाही."

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "ते तर मी न विचारताही सांगते."

तीन तास मी जीव ओतला. बारीक तारांची झाडं केली, त्यांच्या फांद्यांवर चष्मे फुलांसारखे अडकवले, मागे राखाडी रंगाच्या सात छटा. सात. बाहेर जाऊन बघितलं, स्वतःच खूश झाले. मग त्यांना बोलावलं.

डॉक्टरीणबाई रस्ता ओलांडून आल्या, काचेकडे वळल्या आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"अहो, लावून बघा ना," मी म्हणाले.

"माझ्याकडे येणारा माणूस असाच बघतो. त्याला नीट दिसत नाही, म्हणून तर तो येतो." त्या डोळे बारीक करून उभ्या राहिल्या. "मला धुकं दिसतंय. राखाडी धुकं. त्यात काहीतरी काटेरी. चष्मे कुठे आहेत?"

"झाडांवर."

"झाडं कुठे आहेत?"

मी वाद घातला. म्हणाले, जवळ आल्यावर दिसतं. त्या म्हणाल्या, जवळ येईलच का कोणी? मी म्हणाले, हे सूक्ष्म आहे. त्या म्हणाल्या, ते तर दिसतंच आहे, म्हणजे दिसत नाहीये. "तुमच्या हातात कसब आहे, बाई. पण ही काच तुम्ही काचा मांडणाऱ्यांसाठी मांडलीय. माझ्या गिऱ्हाइकासाठी नाही."

मी उरलेल्या तारा आणि टाचण्या पिशवीत भरल्या आणि तावातावाने घरी आले. परत मिळालेल्या खुर्चीत बसून तासभर बोलत होते. त्या बाईला कलेतलं काय कळतंय, आयुष्यभर भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली लोकांकडून, तिने मला शिकवावं?

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "चार महिने तू हेच मागत होतीस ना?"

"असं नव्हते मागत!"

"मग कसं?"

"चांगलं मागत होते!" मी ओरडले, आणि लेक आतल्या खोलीत एवढ्यांदा हसली की मला तिच्या तोंडासमोर दार लावून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या गल्लीत गेले, नुसती बघायला. कोपऱ्यावर उभी राहिले आणि दोन्ही डोळे अर्धे मिटले. राखाडी धुकं. त्यात काहीतरी काटेरी. शेजारच्या औषधांच्या दुकानाची हिरवी पाटी मात्र ठसठशीत दिसत होती, जिच्यावर कोणी तीन तास घालवले नसणार.

आत जाऊन म्हणाले, "पुन्हा करू का?" त्या म्हणाल्या, "करा की."

मी सगळी झाडं उपटली. काळ्या जाड पुठ्ठ्याची दोन पोकळ वर्तुळं कापली, प्रत्येक परातीएवढं, मधे एक कमान. अख्ख्या काचेवर एकच चष्मा. बाकी काही नाही. मागचा पडदाही काढून टाकला, त्यामुळे त्या दोन वर्तुळांतून थेट दुकानाचा आतला भाग दिसायला लागला आणि टेबलाशी बसलेल्या त्या स्वतः. पाऊण तासात काम संपलं. मला जरा अपमानच वाटला.

बाई बाहेर आल्या, चष्मा काढला, बघितलं. "दिसतंय," म्हणाल्या. मग चष्मा लावून बघितलं. "अहो, मागची माझी खुर्ची पण दिसतेय."

"हो. तुम्ही बसलात की तुम्ही दिसाल."

"म्हणजे मला आता रोज केस विंचरून यावं लागणार." त्या दाराकडे वळल्या. "पंधरा दिवसांनी एकदा यायचं. कालचे आणि आजचे, दोन्ही दिवसांचे पैसे घेऊन जा. काल चुकलात, म्हणून काय काम केलं नाहीत असं थोडंच आहे?"

मला त्यावर काहीच बोलता आलं नाही. तोंडात टाचणी नव्हती, तरीही.

पंधरा दिवसांनी एकदा म्हणजे काही नोकरी नव्हे. पण शेजारच्या औषधवाल्याने विचारलं, मग पलीकडच्या घड्याळवाल्याने, आणि वर्षभरात त्या गल्लीतल्या सात काचा माझ्याकडे आल्या. अवजड काम असलं की टेपवालीला बोलावते, तिच्याकडे असलं की मी जाते. ती माझ्या टाचण्या मोजते आणि मी तिच्या लाल रंगाबद्दल बोलते. एकमेकींच्या काचा बघून आम्ही खरं ते सांगतो. दोनदा अबोला झालाय.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या त्या उंच खुर्चीत बसवलं. म्हणाल्या, तुम्ही एक डोळा का मिटता सारखा? तपासलं, तर मिटायचा नव्हता तोच डोळा मी मिटत होते. उघडा राहायचा त्याने लांबचं धूसर दिसत होतं आणि दुसऱ्याचंही फार बरं नव्हतं. कित्येक वर्षांपासून असणार म्हणाल्या. म्हणजे माझ्या आयुष्यातल्या बऱ्याचशा काचा मी समोरच्या फुटपाथवरून अंदाजाने पास केल्या होत्या.

फ्रेम मीच निवडली, मोठी, काळी. घरी येऊन दारातच उभी राहिले. नवरा कवळी घासत होता. त्याने वर बघितलं, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून.

"तुला शोभत नाही," तो म्हणाला.

मी विचारलंही नव्हतं.